संगणकाचा डेस्कटॉप आणि त्याची अदलाबदल

१. एका खोलीची शाळा

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट नावाचे एक लहान खेडे आहे. २००७ साली तेथील प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत भरत असत. शिक्षक एक आणि मुले वीस-बावीस, असा तिचा संसार होता. त्या वर्षाच्या उत्तरार्धात या मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान संगणक आले. एका बाजूस मूठ, वर कानांसारख्या दोन अँटेना आणि उन्हातही वाचता येईल असा पडदा, असे त्या यंत्राचे रूप होते. त्याचे नाव एक्सओ.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे निकोलस निग्रोपोंटी यांनी २००५ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही योजना मांडली. संगणकाची किंमत शंभर डॉलरपर्यंत उतरवावी, असा त्यांचा मानस होता. २००७ साली ती प्रत्यक्षात १८८ डॉलरच्या आसपास राहिली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच या योजनेत सहभागी होण्यास नकार दिला होता. त्यामुळे खैराटचा प्रयोग हा एका शाळेपुरता मर्यादित असा लहान प्रयोग होता.

या यंत्रावरील परिचालन-प्रणाली मुक्त स्रोताची, म्हणजे लिनक्सच्या कुळातील फेडोरा ही होती. तथापि मुलांना पडद्यावर जे दिसे ते शहरातील कार्यालयांतल्या संगणकांवर दिसणाऱ्या चित्राहून अगदी निराळे होते. त्यावरून एक शंका सहजच निघते. खैराटची शाळा चौथीपर्यंत. पुढे मूल दुसऱ्या शाळेत जाणार आणि तेथे त्याच्यापुढे सर्वसामान्य संगणक येणार. मग या निराळ्या पडद्यावर घालविलेली वर्षे वाया जातील काय? की तेच यंत्र, तीच परिचालन-प्रणाली कायम ठेवून केवळ समोरचा पडदा बदलता येईल? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी संगणकाची अंतर्गत रचना प्रथम पाहिली पाहिजे.

२. थरांवर थर

संगणकाचा वापर करणाऱ्यास तो एकसंध वाटतो. वस्तुतः त्याचे कार्य अनेक थरांत वाटलेले असते. सर्वांत खाली यंत्रसामग्री असते. तिच्यावर परिचालन-प्रणालीचा गाभा असतो. त्यास कर्नल म्हणतात. स्मृती कोणत्या कार्यक्रमास किती द्यावयाची, कळफलकावरील अक्षर कोठे पोहोचवावयाचे, फाइल कोठे साठवावयाची, ही कामे गाभा करतो. लिनक्स हे नाव खरे पाहता या गाभ्याचे आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली प्रसिद्ध केला.

गाभ्यास पडद्यावर चित्र काढता येत नाही. त्यासाठी निराळा थर लागतो. मॅसॅच्युसेट्स येथेच १९८४ साली ‘एक्स’ नावाची चित्रपद्धती तयार झाली आणि लिनक्सवर दीर्घकाळ तिचेच राज्य होते. अलीकडे तिची जागा वेलँड ही नवी पद्धती घेऊ लागली आहे. एक्सच्या रचनाकारांनी एक दूरदृष्टीचा निर्णय घेतला. पडद्यावर जागा द्यावयाची, रेषा व अक्षरे उमटवावयाची, एवढेच काम त्यांनी एक्सकडे ठेवले. खिडकीस चौकट कशी असावी, बटण कोठे असावे, कार्यक्रमांची यादी वर असावी की खाली, याबद्दल एक्स काहीही ठरवीत नाही. तो निर्णय वरच्या थरावर सोपविलेला असतो.

हा वरचा थर म्हणजेच डेस्कटॉप. खिडक्या हलविणारा व्यवस्थापक, कार्यक्रमांची यादी, फाइली दाखविणारे साधन, रंग, अक्षरे व इतर पसंती यांचा संच असे त्याचे स्वरूप असते. एकाच खोलीत सकाळी शाळा भरते आणि सायंकाळी तेथेच ग्रामसभा बसते. भिंती, छप्पर, दारे तीच असतात. बदलते ती बैठकीची मांडणी. डेस्कटॉप ही अशीच मांडणी होय आणि ती बदलण्यासाठी भिंतींस हात लावावा लागत नाही.

मुक्त स्रोताच्या जगात अशा मांडण्या अनेक आहेत. केडीई या डेस्कटॉपची सुरुवात जर्मनीतील मथियास एट्रिच यांनी १९९६ साली केली. त्यात वापरलेल्या क्यूटी या साधनसंग्रहाचा परवाना त्या वेळी पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून मेक्सिकोतील मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी १९९७ साली नोम हा दुसरा डेस्कटॉप आरंभिला. कमी स्मृतीच्या यंत्रांसाठी एक्सएफसीई व पुढे एलएक्सडीई हे हलके डेस्कटॉप निघाले. खैराटच्या मुलांपुढे आलेला डेस्कटॉप मात्र या सर्वांहून भिन्न होता. त्याचे नाव सुगर.

३. मुलांसाठी रचलेला पडदा

सर्वसामान्य डेस्कटॉपची कल्पना कार्यालयातील मेजावरून घेतलेली आहे. मेजावर कागद, कागद फायलींत, फायली कपाटात आणि टाकाऊ कागद टोपलीत, असे ते चित्र असते. ज्या मुलाने कार्यालयच पाहिलेले नाही, त्याला हे चित्र ओळखीचे वाटण्याचे कारण नाही. सुगरच्या रचनाकारांनी म्हणून मेज बाजूस सारले.

यंत्र प्रथम सुरू होताच मुलाने आपले नाव लिहावयाचे आणि दोन रंग निवडावयाचे. त्या रंगांची एक मानवाकृती पडद्याच्या मध्यभागी उभी राहते आणि तिच्याभोवती उपक्रमांची चिन्हे वर्तुळात मांडली जातात. लेखन, चित्र, गणकयंत्र, छायाचित्रण, संगीत, तसेच कासवाला आज्ञा देऊन आकृती काढणे हे त्यांपैकी काही उपक्रम होत. कासवाची कल्पना सेमूर पॅपर्ट यांच्या लोगो या संगणकभाषेतून आलेली आहे. उपक्रम उघडला की तो संपूर्ण पडदा व्यापतो. एकमेकांवर पडणाऱ्या खिडक्या येथे नसतात. घर, मित्रमंडळ, परिसर आणि चालू उपक्रम अशा चार दृश्यांत मूल वावरते आणि त्या प्रत्येकासाठी कळफलकावर स्वतंत्र कळ असते.

सर्वांत महत्त्वाचा भेद साठवणीचा होता. सुगरमध्ये मुलाला फाइल साठवावी लागत नाही आणि ती कोणत्या कप्प्यात ठेवावी हेही ठरवावे लागत नाही. जे काही केले त्याची नोंद एका रोजनिशीत आपोआप होते. काल काढलेले चित्र आज हवे असल्यास मूल रोजनिशीची पाने मागे चाळते. काय केले, केव्हा केले आणि कोणाबरोबर केले, हा क्रम मुलांच्या आठवणीच्या क्रमाशी जुळतो, अशी त्यामागील भूमिका होती.

४. पाया बदलावा की मांडणी?

सुगरवर टीका झाली ती याच वेगळेपणामुळे. मुलांना पुढे जी यंत्रे वापरावी लागणार, त्यांचीच सवय आतापासून का लावू नये, असे अनेक शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारले. मे २००८ मध्ये एक्सओ यंत्रावर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज एक्सपी ही परिचालन-प्रणाली देण्याची घोषणा झाली. त्याच सुमारास सुगरचे एक प्रमुख शिल्पकार वॉल्टर बेंडर यांनी मूळ संस्था सोडली आणि सुगरचे काम स्वतंत्रपणे चालू ठेवण्यासाठी सुगर लॅब्ज ही संस्था स्थापिली.

या घटनेत पाया बदलणे आणि मांडणी बदलणे यांतील अंतर स्पष्ट दिसते. विंडोज घ्यावयाची तर गाभ्यापासून सर्व थर बदलावे लागत. एक्सओच्या अंगच्या एक गिगाबाइट साठवणीत ती मावत नसल्याने निराळे स्मृतिपत्रही लावावे लागे. शिवाय प्रत्येक यंत्रामागे परवान्याचे शुल्क पडे आणि प्रणालीचा स्रोत शिक्षकास किंवा विद्यार्थ्यास उघडून पाहता येत नसे. मागणी मात्र मोठ्या अंशी एवढीच होती, की मुलांना नेहमीच्या पद्धतीच्या खिडक्या, फाइली व कप्पे यांची ओळख व्हावी. तेवढ्यासाठी पाया खणण्याची आवश्यकता नव्हती. फेडोरावर नोम हा डेस्कटॉप आधीपासून उपलब्ध होता आणि तो सुगरच्या शेजारी बसविणे शक्य होते.

५. एका यंत्रावर दोन डेस्कटॉप

पहिल्या एक्सओमध्ये स्मृती २५६ मेगाबाइट होती. नोमसारखा भारी डेस्कटॉप तीत चालविणे कष्टाचे होते. एक्सओ १.५ ही पुढील आवृत्ती आली, तेव्हा तिची स्मृती एक गिगाबाइट आणि साठवण चार गिगाबाइट झाली. तिच्यावर फेडोराची अकरावी आवृत्ती असून सुगर व नोम असे दोन्ही डेस्कटॉप एकत्र दिलेले होते. लहान मुलाने सुगर वापरावा आणि मोठ्या विद्यार्थ्याने गरजेनुसार नोमकडे जावे, असा त्यातील हेतू होता.

बदलाची रीत सोपी होती. सुगरच्या पसंतीपटात डेस्कटॉप बदलण्याची सोय होती. ती निवडून यंत्र पुन्हा सुरू केले की नोम उघडे आणि नोमच्या पडद्यावर सुगरकडे परतण्याचे चिन्ह ठेवलेले असे. या अदलाबदलीत आत काय घडते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गाभा तोच राहतो. चित्रपद्धती तीच राहते. जाळ्याची जोडणी, ध्वनी, कॅमेरा या सर्वांवर पूर्वीचेच कार्यक्रम देखरेख करतात. फक्त सत्र सुरू होताना वरच्या थरातील कोणता संच जागा करावयाचा, याबद्दलची एक लहानशी नोंद बदलते. पडदा पाहणाऱ्यास संपूर्ण यंत्र बदलल्याचा भास होतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र तो एका ओळीचा फरक असतो.

६. काय बरोबर येते, काय मागे राहते

तथापि अदलाबदल सोपी आहे याचा अर्थ तीत काहीच गमावत नाही, असा नव्हे. दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट मुलाने केलेल्या कामाची. सुगरची रोजनिशी नोंदी ठेवते त्या एका लपविलेल्या कप्प्यात, आणि त्यांना मनुष्याने वाचावी अशी नावे नसतात. रोजनिशीतून पाहताना ‘माझे घर’ असे चित्र दिसते. नोमच्या फाइल-दर्शकातून तेच शोधू गेल्यास दीर्घ अंकाक्षरांच्या नावांचा ढिगारा हाती लागतो. चित्र नष्ट झालेले नसते, पण त्याच्याकडे जाण्याची वाट सुगरने बांधलेली असते आणि सुगर निघून गेला की ती वाटही जाते. यास्तव डेस्कटॉप बदलण्यापूर्वी हवे ते काम रोजनिशीतून पेन-ड्राइव्हवर उतरवून घेणे हा सुरक्षित मार्ग होता. ज्या मुलाने वर्षभराचे लेखन यंत्रात केले आहे, त्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. यंत्र मराठीत ठेवावे, ही पसंती साधारणतः सर्व प्रणालीस लागू असते. परंतु प्रत्येक डेस्कटॉपचे शब्द निराळ्या फाइलींत असतात आणि त्यांचा अनुवाद निराळ्या कार्यकर्त्यांनी केलेला असतो. एखाद्या शब्दाचा मराठी अनुवाद नसेल तेथे मूळ इंग्रजी शब्द दिसतो. म्हणून एका डेस्कटॉपवर सर्व पट्ट्या मराठीत वाचणाऱ्या मुलास दुसऱ्यावर अर्ध्या इंग्रजी पट्ट्यांना तोंड द्यावे लागण्याचा संभव असतो. मराठीत हे काम बऱ्याच अंशी पुण्यात झाले. रेड हॅट कंपनीच्या तेथील कार्यालयातून फेडोरा व नोम यांच्या मराठी अनुवादास, तसेच लोहित या मुक्त देवनागरी अक्षरसंचास आधार मिळाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांना प्रत्येक भारतीय भाषेत एकच प्रतिशब्द असावा, यासाठी फ्युएल हा उपक्रमही २००८ साली तेथूनच सुरू झाला. एका डेस्कटॉपवर ‘जतन करा’ आणि दुसऱ्यावर ‘साठवा’ असे असल्यास नवशिका अडखळतो; हा त्या उपक्रमामागील अनुभव होता.

७. आजच्या यंत्रावर अदलाबदल

एक्सओ यंत्रे आता बहुतेक इतिहासजमा झाली आहेत. परंतु त्यांच्यावरून शिकलेली रीत कोणत्याही लिनक्स संगणकास लागू पडते. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणकावर दुसरा डेस्कटॉप बसवावयाचा असल्यास पुढील क्रम पाळावा.

प्रथम, महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या साधनावर काढून घ्यावी. डेस्कटॉप बदलल्याने फाइली पुसल्या जात नाहीत. पण प्रयोगापूर्वी प्रत घेणे ही सर्वच प्रयोगशाळांची शिस्त होय.

दुसरे, यंत्राची स्मृती किती आहे ते पाहावे. दोन गिगाबाइट स्मृतीच्या जुन्या संगणकावर नोम किंवा केडीई मंद चालतो. त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी अधिक सुसह्य ठरतो. टाकून देण्यास काढलेला संगणक हलक्या डेस्कटॉपमुळे आणखी काही वर्षे लेखन-वाचनास उपयोगी पडू शकतो आणि गरीब शाळेस हा लाभ मोठा आहे.

तिसरे, प्रणालीच्या भांडारातून नवा डेस्कटॉप उतरवून घ्यावा. त्यासाठी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द लागतो. जुना डेस्कटॉप या वेळी काढून टाकू नये. दोन्ही शेजारी राहू शकतात.

चौथे, सत्र समाप्त करून प्रवेशाच्या पडद्यावर यावे. तेथे वापरकर्त्याचे नाव निवडल्यावर सामान्यतः एक लहान दातेरी चक्र किंवा यादी दिसते आणि तीत बसविलेल्या सर्व डेस्कटॉपांची नावे असतात. ही यादी येते ती प्रत्येक डेस्कटॉपने प्रणालीच्या एका ठरावीक कप्प्यात ठेवलेल्या लहानशा मजकूर-फाइलीवरून. हवे ते नाव निवडून प्रवेश करावा. पुढील वेळी यंत्र बहुधा तीच निवड लक्षात ठेवते. एकाच संगणकावर निरनिराळ्या विद्यार्थ्यांची खाती असल्यास प्रत्येकाची निवड स्वतंत्र राहते.

पाचवे, देवनागरी टंकलेखन तपासून पाहावे. भारत सरकारने १९८६ साली पुरस्कृत केलेली इनस्क्रिप्ट कळमांडणी लिनक्सवर उपलब्ध आहे. परंतु ती चालू करण्याची जागा प्रत्येक डेस्कटॉपमध्ये भिन्न असते. एका ठिकाणी आपोआप मिळणारी सोय दुसऱ्या ठिकाणी हाताने जोडावी लागते. ‘ज्ञानेश्वर’, ‘वाङ्मय’, ‘दुसऱ्या’ असे शब्द लिहून पाहिल्यास दोष तत्काळ ध्यानात येतो.

अदलाबदलीनंतर काही विचित्र प्रकारही घडतात. कार्यक्रमांच्या यादीत दोन फाइल-दर्शक व दोन मजकूर-संपादक दिसू लागतात, कारण प्रत्येक डेस्कटॉप आपली साधने बरोबर आणतो. क्वचित चिन्हे किंवा रंग बदलतात. डेस्कटॉप काढून टाकला तरी त्याच्या पसंतीच्या नोंदी वापरकर्त्याच्या कप्प्यात लपलेल्या राहतात. हे दोष यंत्राचे नव्हेत. एका घरात दोन चुली मांडल्या की भांडीही दुप्पट होतात, तसाच हा प्रकार आहे.

८. निवड कोणाची?

डेस्कटॉप बदलण्याची सोय ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. एप्रिल २०११ मध्ये नोमची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची मांडणी पूर्वीहून इतकी वेगळी होती, की अनेक जुन्या वापरकर्त्यांना ती रुचली नाही. दुसऱ्या आवृत्तीचा स्रोत खुला असल्याने अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने तो उचलून माटे या नावाने पुढे चालविला. लिनक्स मिंट या प्रणालीच्या कर्त्यांनी सिनॅमन हा स्वतंत्र डेस्कटॉप घडविला. उलट उबुंटू प्रणालीने २०१० साली काढलेला युनिटी हा आपला डेस्कटॉप २०१७ साली सोडला आणि ती पुन्हा नोमकडे वळली. कर्त्यांनी मांडणी बदलली तरी वापरणाऱ्यांना आपली मांडणी राखता आली आणि कर्त्यांनी मांडणी सोडली तरी यंत्रे बंद पडली नाहीत. स्रोत खुला आणि थर वेगळे, या दोन गोष्टींमुळेच हे शक्य झाले.

अर्थात, कोणताही डेस्कटॉप स्वतः शिकवीत नाही. पेरू देशातील ग्रामीण शाळांत एक्सओ यंत्रे दिल्यानंतर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. केवळ यंत्रे मिळाल्याने गणित व भाषा यांतील गुणांत वाढ झाल्याचे त्यात आढळले नाही. शिक्षक, पुस्तके आणि वेळ यांची जागा पडदा घेऊ शकत नाही.

खैराटच्या शाळेवरून निघालेल्या शंकेचे उत्तर आता देता येईल. सुगरवर शिकलेल्या मुलाचे शिक्षण केवळ पडदा बदलल्याने वाया जाण्याचे कारण नाही. वाक्य जुळविणे, कासवाला क्रमाने आज्ञा देणे, चुकलेली आज्ञा शोधून दुरुस्त करणे, ही कौशल्ये मांडणीबरोबर पुसली जात नाहीत. उलट ज्याने एकाच यंत्रावर दोन मांडण्या पाहिल्या आहेत, त्याला बटण कोठे आहे हे पाठ करण्यापेक्षा बटणामागे काय घडते हे समजण्याची संधी अधिक असते. जे दिसते तेच यंत्र, अशी समजूत एकदा गळून पडली की तिसरा, चौथा पडदाही परका वाटत नाही.

स्वाध्याय

१. परिचालन-प्रणाली बदलणे आणि डेस्कटॉप बदलणे यांतील फरक विंडोज व नोम यांच्या उदाहरणांवरून सांगा.

२. सुगरच्या रोजनिशीतील काम नोममध्ये सहज का दिसत नाही?

३. एका संगणकावर दोन डेस्कटॉप बसवून तोच मराठी परिच्छेद दोन्हींवर लिहा. कोणत्या पट्ट्या मराठीत व कोणत्या इंग्रजीत दिसल्या, याची नोंद करा.

४. शाळेतील जुन्या संगणकासाठी डेस्कटॉप निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?